पैनगंगेअलीकडची वाघळे

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ साली भारतातील सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली. १९२३ पर्यंत सुमारे २५ हजार नमुने जमले. पहिला अहवाल खानदेशाचा, मग वऱ्हाडाचा. वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे होता, तर पैनगंगेअलीकडचे आमचे हिंगोली निजामाच्या राज्यात. वाघूळ रात्रीतून नदी ओलांडते, अहवालाला मात्र सरहद्द असते.

तेव्हा नमुना म्हणजे कातडे, कवटी आणि सोबत ठिकाणाची चिठ्ठी. वाघळांच्या बाबतीत ही चिठ्ठीच महत्त्वाची, कारण दिवसाची वस्ती कळल्याशिवाय ती सहसा हाती लागत नाहीत. बेळगावच्या खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ बारापेडे नावाची गुहा आहे. तिथे १९१२ साली प्रेटर यांना मोकळ्या शेपटीचे एक वाघूळ मिळाले. पुढच्या वर्षी लंडनच्या ऑल्डफील्ड थॉमस यांनी त्याला राउटन यांचे नाव दिले. हे राउटन मुंबई इलाख्याच्या वनखात्यातले निवृत्त अधिकारी. त्यानंतर जवळजवळ नऊ दशके जगाला या जातीची ही एकच गुहा माहीत होती! २००० च्या सुमारास ती कंबोडियात आणि मग मेघालयात सापडली. माझ्या मते, इतकी वर्षे ती दुर्मीळ होती त्याहून अधिक ती न शोधलेली होती.

आज बारीक जाळ्यात वाघूळ धरतात, हाताच्या हाडाची लांबी मोजतात, सोडून देतात. माणसाला ऐकू न येणारे आवाज यंत्रावर टिपतात. तरी उंचावरून उडणारी जाळ्यात येत नाहीत, आणि झाडाला लटकणारी मोठी फळखाऊ वाघळे तसला आवाजच काढत नाहीत. त्यांच्यासाठी झाडाखाली उभे राहून मोजणे आले.

कायद्यानेही भेद केला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वाघळे उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी ठरली. राउटन यांचे वाघूळ मात्र पुढे पहिल्या अनुसूचीत गेले. उपद्रवींची ती यादी २०२२ च्या दुरुस्तीत निघाली.

आमच्याकडे म्हातारी माणसे झाडावरचे ते वाघूळ आणि भिंतीच्या फटीतली ती पाकोळी, असा फरक अजून करतात. बारवा बुजताहेत, वाडे पडताहेत, रस्त्याकडेची वडाची झाडे जाताहेत. म्हणून मी सध्या गावोगाव एवढेच विचारतो, की इथे पाकोळ्या कुठे असत आणि ती जागा अजून उभी आहे का.