द मेमरी पोलीस

द मेमरी पोलीस ही जपानी लेखिका योको ओगावा यांची कादंबरी आहे. कोदान्शा या प्रकाशन संस्थेने ती १९९४ साली 'हिसोयाका ना केश्शो' या नावाने प्रसिद्ध केली. स्टीफन स्नायडर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१९ मध्ये, म्हणजे तब्बल २५ वर्षांनी प्रकाशित झाला आणि त्यानंतरच ही कादंबरी जपानबाहेर मोठ्या प्रमाणावर वाचली गेली. स्मृती आणि ओळख यांवरील सत्तेचे नियंत्रण हा तिचा विषय असल्याने तिची गणना सामान्यतः डिस्टोपियन, म्हणजेच दुःस्वप्नलोकाचे चित्रण करणाऱ्या साहित्यात केली जाते. तथापि या प्रकारच्या बहुतेक कादंबऱ्यांपेक्षा तिची रचना आणि सूर बराच वेगळा आहे.

मूळ शीर्षकाचा अर्थ साधारणपणे 'निःशब्द, गुप्त स्फटिक' असा होतो. इंग्रजी शीर्षकामुळे वाचकाचे लक्ष पोलिसांकडे जाते. जपानी शीर्षक मात्र मनाच्या तळाशी गोठून राहिलेल्या गोष्टीकडे निर्देश करते. कादंबरीचा खरा कल दुसऱ्या बाजूला आहे.

== लेखिका ==

योको ओगावा यांचा जन्म १९६२ साली ओकायामा येथे झाला. त्यांचे शिक्षण तोक्यो येथील वासेदा विद्यापीठात झाले. गरोदरपणाची रोजनिशी हा विषय असलेल्या कथेसाठी त्यांना अकुतागावा पुरस्कार मिळाला. विस्मरण हा त्यांच्या लेखनात पुन्हा पुन्हा येणारा विषय आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका लोकप्रिय कादंबरीतील गणिताच्या प्राध्यापकाची स्मृती केवळ ८० मिनिटे टिकते. मात्र तेथे विस्मरण हा अपघाताचा परिणाम आहे. द मेमरी पोलीसमध्ये तो सार्वजनिक जीवनाचा नियम आहे.

किशोरवयात वाचलेल्या ॲन फ्रँकच्या रोजनिशीचा आपल्यावर खोल परिणाम झाल्याचे ओगावा यांनी सांगितले आहे. १९९५ साली त्यांनी ॲन फ्रँकच्या स्मृतींवर स्वतंत्र पुस्तकही लिहिले. ॲमस्टरडॅममधील लपण्याची जागा, बाहेरून अन्न पोहोचवणारी विश्वासू माणसे, पावलांच्या आवाजाची भीती आणि बंद खोलीत चालू राहणारे लेखन या सर्व गोष्टींचे पडसाद प्रस्तुत कादंबरीत सहज ओळखू येतात.

== कथानक ==

कथा एका अनामिक बेटावर घडते. तेथे एकेक वस्तू 'नाहीशी' होत जाते. रिबिनी, घंटा, पाचू, टपाल तिकिटे आणि अत्तर कथा सुरू होण्यापूर्वीच गेलेली आहेत. पुढे पक्षी, गुलाब, छायाचित्रे आणि दिनदर्शिका यांची पाळी येते. दिनदर्शिका गेल्यानंतर ऋतू पुढे सरकत नाहीत आणि बेट बर्फाखालीच राहते.

निवेदिका कादंबरीकार आहे. तिचे वडील पक्षिशास्त्रज्ञ होते आणि पक्षी नाहीसे होण्यापूर्वीच वारले. आई शिल्पकार होती; ती नाहीशा झालेल्या वस्तू तळघरातील कपाटाच्या खणांमध्ये जपून ठेवत असे. पोलिसांचे बोलावणे आल्यावर ती गेली आणि परत आला तो तिचा मृतदेह. निवेदिकेच्या लेखनाचा संपादक, ज्याचा उल्लेख केवळ 'आर' असा येतो, त्यालाही काहीच विसरता येत नाही, हे कळल्यावर ती त्याला आपल्या घराच्या जमिनीखालील गुप्त खोलीत लपवते. पूर्वी फेरीबोटीवर मेकॅनिक असलेला एक वृद्ध तिला या कामी मदत करतो. त्याच्या वाढदिवशी आर त्याला संगीत वाजवणारी छोटी पेटी भेट देतो. अशा पेट्या बेटावरून केव्हाच नाहीशा झाल्या असल्याने वृद्धाला ती काय आहे, हेच उमगत नाही.

पुढे कादंबऱ्याही नाहीशा होतात. लोक आपली पुस्तके आणून आगीत टाकतात आणि निवेदिका एका कंपनीत टंकलेखिकेची नोकरी धरते. भूकंपात आईची शिल्पे फुटतात आणि त्यांच्या आत दडवलेल्या वस्तू बाहेर येतात. अखेरीस शरीराचे अवयव नाहीसे होऊ लागतात. प्रथम डावा पाय जातो. शेवटी निवेदिकेचा केवळ आवाज उरतो आणि तोही विरत असताना आर खोलीतून बाहेर पडतो.

== नियंत्रणाचे स्वरूप ==

या कादंबरीतील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब म्हणजे नागरिकांचा सहभाग. वस्तू नाहीशी झाल्याचे सकाळी उठताच हवेतील बदलावरून जाणवते. मग लोक रस्त्यावर जमतात, थोडा वेळ हळहळतात आणि ती वस्तू स्वतःच्या हातांनी जाळतात किंवा नदीत सोडतात. थोड्याच दिवसांत तिचे नाव, उपयोग आणि तिच्याशी निगडित भावना मनातून पुसल्या जातात. टोप्या करणारा छत्र्या करू लागतो, बोटीवरचा मेकॅनिक गोदामाचा रखवालदार होतो. कोणी फारशी तक्रार करत नाही. पोलिसांचे काम त्यानंतर सुरू होते: उरलेल्या खुणा नष्ट करणे आणि ज्यांना विसरता येत नाही, त्यांना शोधून काढणे. या शोधासाठी जनुकांच्या अभ्यासाचाही आधार घेतला जातो. वस्तू पोलिसांच्या आज्ञेने नाहीशा होतात की ती एखादी नैसर्गिक प्रक्रिया आहे, याचा उलगडा कादंबरी करत नाही. या राजवटीचा कोणी नेता दिसत नाही, तिची विचारसरणीही कोठे मांडलेली नाही.

येथे जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४९ सालच्या 'नाइन्टीन एटी-फोर'शी असलेला फरक स्पष्ट होतो. ऑर्वेल यांच्या कथेत भूतकाळाच्या नोंदी बदलण्यासाठी प्रचंड सरकारी खाते राबत असते, कारण माणसाला आठवत असते आणि त्या आठवणीशी सत्तेला झुंजावे लागते. ओगावा यांच्या बेटावर ही झुंजच उरलेली नाही. रे ब्रॅडबरी यांच्या 'फॅरनहाइट ४५१' (१९५३) मध्येही पुस्तके जळतात. परंतु तेथे ती तोंडपाठ करून जपणारी माणसे आहेत. लोइस लॉरी यांच्या 'द गिव्हर' (१९९३) मध्ये समाजाची सारी स्मृती एका व्यक्तीकडे सोपवलेली असते आणि ती इतरांपर्यंत परत पोहोचू शकते. द मेमरी पोलीसमध्ये परत पोहोचवण्याचा प्रयत्न होतो, पण तो यशस्वी होत नाही. आर निवेदिकेच्या हाती जुन्या वस्तू देतो, त्यांचे वर्णन करतो. तिला त्या वस्तू दिसतात, परंतु त्यांच्याशी जोडलेले काहीच मनात जागे होत नाही.

== ओळख आणि लेखन ==

बेट, निवेदिका आणि वृद्ध यांना नावे नाहीत, तर संपादकाला केवळ एक अक्षर आहे. व्यक्तीची ओळख वस्तूंशी जडलेल्या आठवणींतून घडते, असे गृहीत धरल्यास शरीराचे नाहीसे होणे ही या प्रक्रियेची तर्कशुद्ध परिणती ठरते. म्हणूनच कादंबरीचा शेवट अद्भुत असूनही ओढूनताणून आणलेला वाटत नाही.

निवेदिका लिहीत असलेली कादंबरीही मजकुरात येते. तिच्यातील टंकलेखिकेचा आवाज जातो आणि तिचा शिक्षक तिला घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडून ठेवतो. या अंतर्गत कथेमुळे मुख्य कथेतील गुप्त खोलीकडेही संशयाने पाहावे लागते. आरला वाचवण्यासाठी कोंडणे आणि टंकलेखिकेला ताब्यात ठेवण्यासाठी कोंडणे यांतील अंतर नेहमीच स्पष्ट राहत नाही. कादंबऱ्या नाहीशा झाल्यानंतरही आर निवेदिकेला लिहीत राहण्याचा आग्रह करतो. शब्द काय करतात हे तिला कळेनासे झालेले असते. तरी ती एकेक वाक्य जुळवत कथा पूर्ण करते.

== स्वागत ==

इंग्रजी अनुवाद २०१९ सालच्या अमेरिकेतील नॅशनल बुक अवॉर्डच्या अनुवादित साहित्य विभागात अंतिम फेरीत होता आणि २०२० सालच्या आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराच्या लघुयादीतही त्याचा समावेश झाला. तो पुरस्कार त्या वर्षी डच कादंबरीला मिळाला. जपानमध्ये २०१८ साली या कादंबरीचे नाट्यरूपांतर रंगमंचावर आले होते.