इयत्तेबरोबर पुढे गेलेली कादंबरी

जपानमध्ये 'लाइट नॉव्हेल' ही संज्ञा जन्माला आली ती १९९०च्या सुमारास. तिचे पूर्वरूप शोधताना आम्ही त्सुत्सुई यासुताका यांच्या 'तोकि ओ काकेरु शोजो', म्हणजे 'काळ ओलांडणारी मुलगी', या छोट्या कादंबरीपाशी थांबतो. नोव्हेंबर १९६५च्या अंकापासून ती नववीच्या विद्यार्थ्यांच्या मासिकात क्रमशः येऊ लागली. तेथील शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये बदलते. वाचक दहावीत गेले, तशी कादंबरीही त्याच प्रकाशनसंस्थेच्या दहावीच्या मासिकात गेली आणि मे १९६६च्या अंकात, सातव्या हप्त्यात, संपली. किशोरांसाठीचे हलकेफुलके लेखन म्हणून तिला वाङ्मयेतिहासाबाहेर ठेवणाऱ्यांनी हा तपशील अवश्य विचारात घ्यावा.

प्रयोगशाळेतील लॅव्हेंडरच्या गंधाने काझुकोला काळ ओलांडण्याची शक्ती मिळते. भविष्यातून आलेला मुलगा प्रेमाची कबुली देतो. पण परतताना तिची स्मृती पुसून टाकतो. उरते ती एक अनामिक प्रतीक्षा. नुकत्याच शाळा बदललेल्या, जुन्या सवंगड्यांपासून दुरावलेल्या वाचकांना ही विस्मृती केवळ विज्ञानकथेतील क्लृप्ती वाटली असेल, असे आम्हांस वाटत नाही.

१९८३मध्ये ओबायाशी नोबुहिको यांनी तीवर चित्रपट केला. २००६च्या अॅनिमेशनपटात होसोदा मामोरू यांनी नायिका बदलली. काझुको तेथे प्रौढ आहे, अविवाहित आहे आणि संग्रहालयात जुन्या चित्रांचे जतन करते.