विहीर, संत्रा आणि मुदत : हुडकेश्वर परिसराच्या निमित्तानें

शेतकरी जमिनींत भांडवल घालण्यास नाखूष असतो, त्यास उद्यांची दृष्टि नसते, असा समज बराच रूढ आहे. नागपूरला लागून असलेल्या हुडकेश्वरासारख्या गांवांनीं गेल्या दोनशें वर्षांत ज्या महसुली पद्धति अनुभविल्या, त्या क्रमानें लावून पाहिल्या म्हणजे हा समज टिकत नाहीं. सरकारचा सारा व सावकाराचें व्याज शेतकरी पाहतोच. परंतु विहिरीस पहिली कुदळ लावण्यापूर्वीं तो मुदत पाहतो. जमीन किती वर्षें आपल्या हातीं राहील आणि वाढलेलें उत्पन्न कोणाच्या पदरीं पडेल, हे दोन प्रश्न सुटल्याखेरीज तो पैसा मातींत पुरीत नाहीं.

आमच्या शास्त्रकारांस हें अवगत होतें. कौटिल्यानें नवीन तलाव व बंधारे बांधणारास पांच वर्षांची, मोडके दुरुस्त करणारास चार वर्षांची करमाफी सांगितली आहे. आणि पडीत भूमि जो कसण्याजोगी करील त्याजकडून ती काढून घेऊं नये, असेंही बजाविलें आहे. माफीचीं वर्षें श्रमाच्या मानानें कमीजास्त केलीं आहेत, ही खुबी लक्षांत घेण्याजोगी आहे. मराठी अमदानींतील इस्ताव्याचे कौल याच जातीचे : आरंभीं अल्प सारा, पुढें दरसाल चढता, आणि ठरल्या वर्षीं पूर्ण आकार. शिवछत्रपतींनीं मामले प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस ५ सप्टेंबर १६७६ रोजीं पाठविलेलें पत्र वाचकांच्या परिचयाचें आहेच. बैल नसेल त्यास बैल द्यावा, दाणा नसेल त्यास दाणा द्यावा, आणि व्याज न आकारतां मुद्दल तेवढें ऐपतीप्रमाणें सावकाश उगवावें, हा त्याचा आशय. म्हणजे पहिल्या वर्षांचा धोका सरकारनें आपल्या शिरावर घेतला.

नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत गांवाचा मक्ता पाटलाशीं बहुधा सालोसाल ठरे. १८१८ नंतर राजाच्या अज्ञानपणीं रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स कारभार पाहूं लागला, तेव्हां पट्टे कांहीं वर्षांच्या मुदतीचे होऊं लागले. त्याचा १८२७ चा अहवाल संग्राहकांनीं मोडी कागदांशेजारीं ठेवून वाचावा. सालोसालच्या मक्त्यांत पाटलानें विहीर कशास बांधावी? पाणी लागलें कीं पुढील सालीं मक्ता चढण्याची भीति.

संत्र्याचें झाड हें या गोष्टीचें उत्तम माप आहे. दुसऱ्या रघूजींनीं तें औरंगाबादेकडून आणविलें, अशी परंपरा सांगतात. जंबेरीच्या खुंटावर कलम बांधून लाविलें, तरी चांगलें फळ धरण्यास पांच-सहा वर्षें लागतात. तोंपर्यंत उन्हाळाभर विहिरीचें पाणी देत राहावें लागतें. ज्याची मुदत एक वर्ष, त्यानें हें झाड लावावें ही अपेक्षाच व्यर्थ. नागपुरास रेल्वे १८६७ सालीं पोंचली. संत्र्याची व्यापारी लागवड मात्र त्या शतकाच्या अगदीं अखेरीस फोफावली. काटोल, नरखेडच्या बागांचें श्रेय एकट्या रेल्वेस देणाऱ्यांनीं या मधल्या तीस वर्षांचा हिशेब द्यावा.

त्या तीस वर्षांत काय झालें? राज्य १८५४ मध्यें खालसा झालें, १८६१ मध्यें मध्यप्रांत बनला, आणि पुढील तीस-साला बंदोबस्तांत पाटलांस मालगुजार म्हणून मालकी मिळाली. पाटलास मुदत मिळाली; रयतेस ती सारखी मिळाली नाहीं. मालक-मकबुजा आपल्या शेताचा धनी, मौरूसी कुळास बऱ्यापैकीं आधार, साध्या कुळास तो अगदीं थोडा. एकच गांव, एकच काळी माती, एकच पाऊस. विहीर खणण्याचें धैर्य मात्र तिघांचें निरनिराळें. शेजारच्या वऱ्हाडांत १८६१ पासून मुंबईच्या धर्तीवर रयतवारी मोजणी सुरू झाली, तेथें खातेदाराचा संबंध थेट सरकाराशीं राहिला.

१८८३ सालीं मध्यप्रांताचा कूळकायदा आणि जमीन-सुधारणेच्या कर्जाचा, म्हणजे तगाईचा, कायदा असे दोन्ही झाले. आमच्या मतें यांतील पहिल्याचें महत्त्व अधिक; कर्ज स्वस्त असलें तरी परक्या होऊं पाहणाऱ्या जमिनीसाठीं तें कोण काढील? १९२० च्या कायद्यानें साधीं कुळेंही मौरूसी झालीं, आणि ३१ मार्च १९५१ रोजीं मालगुजारी संपली.

हुडकेश्वर २०१३ मध्यें नागपूर महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. आतां मालकी पक्की, पण शेत शेत म्हणून किती काळ राहील हें अनिश्चित. भोंवतीं भूखंड पडत असतां कोणी नवी बाग लावीत नसेल, तर त्यास आळशी म्हणण्याचें कारण नाहीं. त्याच्या पणज्यानें मक्त्याच्या काळीं केला तोच हा हिशेब.

जुने वाडे पाडतांना मात्र या हिशेबाचे कागद रद्दींत जात आहेत. सनदा व वंशावळी लोक जपतात. पट्टे, कौल, विहिरीचे करार आणि सारा भरल्याच्या पावत्या क्षुल्लक म्हणून टाकतात. ज्यांच्या रुमालांत असे कागद असतील, त्यांनीं प्रत्येकावरील साल, मुदत, जमिनीचा प्रकार व विहिरीचा उल्लेख एवढेंच उतरून मंडळाकडे धाडावें. मूळ कागद त्यांच्याचकडे राहूं द्यावे.