औषधांच्या दोन फेऱ्यांमधला वेळ

हिल्डगार्ड पेप्लाऊ यांच्या पुस्तकाचे हस्तलिखित १९४८ साली तयार होते. ते छापून यायला १९५२ उजाडले. परिचारिकेच्या ग्रंथावर सहलेखक म्हणून एखाद्या डॉक्टरचे नाव नाही, ही गोष्ट त्या काळच्या अमेरिकेत पचनी पडत नव्हती. पेप्लाऊ थांबल्या, पण उसने नाव त्यांनी घेतले नाही. 'इंटरपर्सनल रिलेशन्स इन नर्सिंग' या त्या पुस्तकाने मांडलेला विचार ऐकायला अगदी साधा आहे : परिचारिका आणि रुग्ण यांच्यात जे घडते तोही उपचारच, आणि तो शिकता-शिकवता येतो. त्याच १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोविकारांवर वापरले जाऊ लागले. ते औषध जगभरच्या वॉर्डांत पोहोचले. पेप्लाऊंचा विचार मात्र बऱ्याच ठिकाणी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपलीकडे गेलेला नाही.

या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. उपचारात्मक नाते म्हणजे गोड स्वभाव नव्हे. स्वभावाने तुटक असलेली परिचारिका हे काम उत्तम करू शकते आणि मायाळू सिस्टरच्या हातून ते पार बिघडू शकते. या नात्याला हेतू असतो, मुदत असते, मर्यादा असतात. पहिल्या भेटीत आपले नाव, आपण किती दिवस आहोत, रोज किती वाजता भेटू आणि सांगितलेले कोणाकोणाला कळेल, एवढे स्पष्ट सांगायचे असते. आमच्याकडे नेमके इथेच घोडे अडते. पोस्टिंगवर आलेल्या विद्यार्थिनीला पेशंट विचारतात, "सिस्टर, उद्या येणार ना?" आणि पोस्टिंगचा शेवटचा दिवस असूनही ती "हो, येते की" म्हणून मोकळी होते. अवघड निरोप टाळायला हे सोयीचे वाटते. पण नाते संपवणे हा त्या नात्याचाच टप्पा आहे, आणि तो पहिल्या दिवसापासून तयारीत धरावा लागतो.

पेप्लाऊंच्या आधीही हे काम होत होते. व्हिएन्नाच्या मनोरुग्णालयात काम केलेल्या गेरट्रूड श्विंग या परिचारिकेचे पुस्तक १९४० साली जर्मनमध्ये आले. त्यात कोणाशीच न बोलणारी, पांघरुणाखाली निपचित पडून राहणारी एक तरुणी आहे. श्विंग रोज ठरल्या वेळी तिच्या पलंगाशी अर्धा तास नुसत्या बसत. ना प्रश्न, ना समजावणे. काही दिवसांनी ती पांघरूण बाजूला सारून उठली आणि तिने विचारले, तुम्ही माझ्या बहीण आहात का? नाही, असे श्विंग यांनी सांगितले. हे उत्तर मला त्या अर्ध्या तासांइतकेच महत्त्वाचे वाटते. 'हो, बहीणच समज' म्हणण्याचा मोह कोणालाही झाला असता, आणि आपल्याकडे तर तो हमखास होतो.

भ्रमाशी बोलताना हाच कस लागतो. "सिस्टर, या वरणात विष आहे," असे पेशंटने म्हटले की दोन उत्तरे पटकन तोंडावर येतात. एक, "काहीतरीच काय, सगळे जेवताहेत ना!" दुसरे, "बरं, दुसरी थाळी आणते." पहिल्यात वाद आहे, दुसऱ्यात भ्रमाला दुजोरा. जाणती परिचारिका म्हणते, "मला तसं वाटत नाही. पण तुम्हाला जेवायची भीती वाटतेय, हे दिसतंय मला. मी थोडा वेळ इथं बसते." वाक्ये तीनच, पण ती ऐन वेळी सुचायला बराच सराव लागतो.

मग परिचारिका बसत का नाहीत? त्यांना कळवळा नसतो, असे म्हणणे अन्यायाचे होईल. इझाबेल मेन्झिस यांनी १९५० च्या दशकाअखेरीस लंडनच्या एका सर्वसाधारण रुग्णालयाचा अभ्यास केला. कामांचे तुकडे पाडणे, रुग्णाला नावाऐवजी खाटेवरून किंवा आजारावरून ओळखणे, या रीती परिचारिकांना रुग्णाच्या दुःखाच्या धगीपासून वाचवतात, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे दोष व्यक्तीचा कमी, व्यवस्थेचा जास्त. आपल्या वॉर्डांतल्या तऱ्हा तर अधिक ओळखीच्या. साठीच्या गृहस्थाला "ए, गोळी घे" आणि त्याच्या पंचविशीतल्या मुलाला "तुम्ही बाहेर थांबा". पेशंट समोर बसलेला असताना त्याच्या आईला विचारायचे, "याला झोप लागते का?" नातेवाईक सोबत असणे हे आपल्याकडचे मोठे बळ खरे, पण या नात्यात तिसरा माणूस कायम बसलेला असतो, याचा विचार पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत फारसा सापडत नाही. तो इथेच करावा लागेल.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा ७ जुलै २०१८ पासून लागू झाला. त्याच्या ९७ व्या कलमानुसार रुग्णाला एकट्याला कोंडून ठेवता येत नाही, शिक्षा म्हणून बांधता येत नाही, आणि कर्मचारी कमी आहेत एवढ्या कारणावरूनही बांधता येत नाही. ही शेवटची अट लिहिणाऱ्याला वॉर्ड ठाऊक असणार. रात्रपाळीला एकच सिस्टर आणि सोबतीला एक मावशी असेल, तर नात्यावर कितीही व्याख्याने झाली तरी चवताळलेल्या माणसाजवळ शांतपणे उभे राहायला हात पुरणार नाहीत. म्हणून बोलण्याचा वेळ ड्युटीच्या तक्त्यात इंजेक्शनाइतकाच ठळक लिहिला गेला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी किंवा गोव्यात बांबोळी, पोस्टिंग कुठेही असो, विद्यार्थ्यांना प्रोसेस रेकॉर्डिंग लिहावेच लागते : पेशंट काय म्हणाला, मी काय म्हणाले, तेव्हा मला काय वाटले. पेप्लाऊ आपल्या विद्यार्थिनींकडून असेच शब्दशः संवाद लिहून घेत आणि बारकाईने वाचत. आपल्याकडे ते पुष्कळदा सीनियरच्या फाइलवरून उतरवले जाते, आणि त्यातला पेशंट पुस्तकी मराठीत बोलतो. विद्यार्थ्यांना माझी विनंती एवढीच, की तुमचे चुकलेले वाक्य जसेच्या तसे लिहा. आणि शिक्षकांनी कृपया त्याचे गुण कापू नयेत.