यंत्र परक्याचे, दुरुस्ती आपली

भारतातल्या संगणकाची गोष्ट सांगताना बहुतेकदा तिची दोनच टोके धरली जातात. एका टोकाला कोलकाता आणि मुंबईतल्या संशोधन संस्थांमधली पहिली यंत्रे असतात, दुसऱ्या टोकाला सॉफ्टवेअरची निर्यात. मधली पंचवीसएक वर्षे परवाने, आयात शुल्क आणि टंचाई यांच्या दोन परिच्छेदांत आटोपली जातात. वास्तविक याच मधल्या काळात एक महत्त्वाचा व्यवसाय इथे रुजला, तो म्हणजे बंद पडलेल्या संगणकातला बिघाड शोधून तो पुन्हा चालू करणाऱ्यांचा. संगणक कसा चालतो हे ज्ञान या देशात मोठ्या प्रमाणावर पसरले ते दुरुस्तीच्या वाटेने, आणि त्या वाटेवरचे निर्णायक वळण १९७८ साली आले, असे माझे प्रतिपादन आहे. त्यासाठी आधी त्यापूर्वीची व्यवस्था पाहावी लागते.

संगणकाच्या पहिल्या पिढीत यंत्र बांधणारा, चालवणारा आणि दुरुस्त करणारा यांच्यात फारसे अंतर नव्हते. १९४६ साली अमेरिकेत जगापुढे आलेल्या एनिॲकमध्ये सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते आणि ते सतत जळत. या यंत्रावर गणिते मांडणाऱ्या सहा तरुणींच्या हाती सुरुवातीला मार्गदर्शक पुस्तिका नव्हती. आकृत्या वाचून त्यांनी यंत्र समजून घेतले, आणि पुढे नेमका कोणता व्हॉल्व्ह गेला आहे इथपर्यंत त्या माग काढू लागल्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला आणि १९६० साली पूर्णपणे कामाला लागलेला टिफ्रॅक याच जातीचा. त्यात २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर होते. एवढ्या भागांचे यंत्र रोज चालते ठेवायचे तर त्याची तार न् तार ठाऊक असलेली माणसे शेजारीच लागतात, आणि ती होती, कारण यंत्र त्यांनीच बांधले होते.

कार्यालयांमध्ये संगणक आला तो मात्र वेगळ्या वाटेने. आयबीएमने १९५१ पासून भारतात पंच कार्डांची यंत्रे आणि १९६०च्या दशकात १४०१ हा संगणक पुरवला. परदेशातून वापरून परत आलेली १४०१ यंत्रे मुंबईच्या कारखान्यात नव्याने जुळवून इथल्या ग्राहकांना भाड्याने दिली जात. भाडेपद्धतीचा फायदा ग्राहकाला दिसत होता: मोठी रक्कम गुंतवायची नाही, आणि यंत्र अडले की कंपनीचा इंजिनियर येणार. पण या सोयीची किंमत होती. यंत्र ज्याचे, त्याचेच सुटे भाग, त्याचेच नकाशे आणि त्याचेच प्रशिक्षित लोक. बँक, विमा कंपनी किंवा रेल्वे यांच्याकडे वर्षानुवर्षे संगणक असूनही त्याच्या आत काय चालते हे सांगणारे कोणी त्यांच्या घरात तयार होत नव्हते. हा धोका अमेरिकेतही ओळखला गेला होता. तिथे १९५६च्या न्यायालयीन समझोत्याने आयबीएमला भाड्याबरोबर विक्रीचाही पर्याय देणे आणि स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना सुटे भाग व माहिती पुरवणे बंधनकारक केले. दुरुस्तीचे ज्ञान निर्मात्याच्या मुठीतून सोडवावे लागते, ही जाणीव त्या समझोत्यामागे होती.

भारतात ही मूठ सुटली ती परकीय चलनाच्या कायद्यामुळे. १९७३च्या ‘फेरा’ने परदेशी कंपन्यांना इथल्या उपकंपनीतला आपला वाटा साधारणपणे ४० टक्क्यांवर आणायला सांगितले. आयबीएमने जगभर संपूर्ण मालकीचेच धोरण ठेवले होते; वाटाघाटी फिसकटल्या आणि १९७८ साली कंपनी भारतातून गेली. यंत्रे इथेच राहिली. पगारपत्रके, विम्याचे हप्ते, मालवाहतुकीचे हिशेब त्यांच्यावर चालत होते. ती बंद पडली असती तर नुकसान आयबीएमचे नव्हे, या संस्थांचे होते. सरकारने १९७५ सालीच कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन ही कंपनी स्थापन केली होती. सीएमसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीने देशभरातल्या ८००हून अधिक ठिकाणच्या आयबीएम यंत्रांची देखभाल अंगावर घेतली. आयबीएममधले अनेक अनुभवी इंजिनियर तिच्यात आले. पुढे इतर परदेशी कंपन्यांची यंत्रेही तिच्याकडे सोपवली गेली.

हा शेवटचा तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकाच निर्मात्याचा इंजिनियर आपल्या कंपनीच्या पुस्तिकेतली पायरी पुस्तिकेप्रमाणे चढत जातो. ज्याला आज एका कंपनीचे आणि उद्या दुसऱ्या कंपनीचे यंत्र उघडायचे आहे, त्याला पुस्तिकेच्या मागचे तत्त्व समजून घ्यावेच लागते. दोष वीजपुरवठ्यात आहे, स्मृतीत आहे, कार्ड वाचणाऱ्या यांत्रिक भागात आहे की प्रोग्राममध्ये, हे ठरवण्यासाठी तो एकेक शक्यता वेगळी काढून तपासतो. लक्षणांवरून अनुमान, अनुमानावरून चाचणी आणि चाचणीवरून पुढचे अनुमान, ही शिस्त कोणत्याही यंत्राला लागू पडते. सुटा भाग परदेशातून यायला परवाना आणि परकीय चलन लागत असल्यामुळे अख्खे सर्किट कार्डच बदलून मोकळे होण्याची चैन फारशी नव्हती. कार्डावरचा कोणता भाग गेला हे शोधणे भाग होते. टंचाईने माणसांना खोलात उतरायला लावले.

यावर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे. टंचाईचे गोडवे गाण्यात काय अर्थ? जगात संगणकांच्या नव्या पिढ्या येत असताना आपण कालबाह्य यंत्रे जिवंत ठेवण्यात दिवस घालवले, हे नुकसानच नव्हे का? नुकसान झाले, ते नाकारता येणार नाही. नव्या यंत्रांची वाट अडवणारी धोरणे शहाणपणाची होती असेही मी म्हणत नाही. माझा मुद्दा मर्यादित आहे: त्या अडचणीतून जे कौशल्य तयार झाले ते जुन्या यंत्रांबरोबर भंगारात गेले नाही. याचा पुरावा सीएमसीच्याच पुढच्या कामात आहे. देखभालीसाठी जन्मलेल्या या कंपनीने रेल्वेसाठी संगणकीय आरक्षणाची प्रणाली तयार केली आणि १९८६ साली ती दिल्लीत सुरू झाली. एका खिडकीवर उभे राहून कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. दुरुस्ती करणारे रचना करू शकत नाहीत, ही समजूत या एका उदाहरणानेही टिकत नाही. यंत्र कुठे आणि कसे अडते हे ज्यांनी पाहिले आहे, तेच न अडणारी व्यवस्था अधिक चांगली कल्पू शकतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सॉफ्टवेअर उद्योग वाढला तो इंग्रजी जाणणाऱ्या पदवीधरांमुळे, कमी वेतनामुळे आणि १९८४ नंतरच्या खुल्या धोरणामुळे. त्याचे श्रेय दुरुस्तीला देणे ओढूनताणून नाही का? ही कारणे खरी आहेत आणि त्यांच्याशिवाय तो उद्योग उभा राहिला नसता. पण परदेशाने सुरुवातीला इथल्या लोकांकडून काय करून घेतले ते पाहावे. टाटा कन्सल्टन्सीने १९७०च्या दशकात बरोज या अमेरिकी कंपनीसाठी केलेले आरंभीचे काम एका यंत्रासाठी लिहिलेले प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर चालतील असे बदलून देण्याचे होते. शतक संपताना वर्षाचे दोनच अंक साठवणाऱ्या जुन्या प्रोग्राममधला दोष काढण्याचे प्रचंड काम भारताकडे आले. दोन्ही ठिकाणी दुसऱ्याने लिहिलेले वाचायचे, त्यातली चूक हेरायची आणि चालू व्यवहार न मोडता ती सुधारायची होती. स्वस्त मनुष्यबळ हे काम मिळण्याचे कारण असेल. ते नीट पार पडण्याचे कारण बिघाड शोधण्याची सवय होती.

ही सवय मोठ्या संस्थांच्या भिंतींबाहेर पोचली ती पीसीमुळे. आयबीएमने १९८१च्या पीसीबरोबर तांत्रिक संदर्भग्रंथ विकायला ठेवला, त्यात विद्युतमंडलांच्या आकृत्या होत्या आणि बायोसची छापील संहिताही होती. ज्या कंपनीने यंत्राचे पोट झाकून ठेवले होते, तिच्याच यंत्राने ते सर्वांना उघडे केले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचा बाजार आधीपासून होता. तिथे आता मदरबोर्ड, रॅम, एसएमपीएस मिळू लागले आणि जुळवलेला ‘असेंबल्ड’ संगणक मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. चालू होताना वाजणारे बीप मोजून दोष ओळखणे, रॅमच्या पितळी दिसणाऱ्या पट्ट्या खोडरबराने साफ करून पुन्हा बसवणे, संशयित भाग चालत्या यंत्रात लावून पाहणे, हे ज्ञान गल्लोगल्लीच्या दुकानांत पोचले. त्यासाठी इंजिनियरिंगची पदवी लागत नव्हती, निरीक्षण आणि चिकाटी लागत होती.

आज ही वाट पुन्हा अरुंद होत आहे. मदरबोर्डवर कायमची डाखलेली स्मृती, गोंदाने चिकटवलेली बॅटरी, निर्मात्याच्या परवानगीशिवाय न स्वीकारला जाणारा सुटा भाग, यांमुळे ग्राहक १९६०च्या दशकातल्या भाडेकरूच्या जागी पुन्हा जाऊन बसतो, फरक इतकाच की आता तो पूर्ण किंमत मोजतो. पातळ आणि हलकी उपकरणे हवीत तर हे सोसावे लागते, असे कंपन्या सांगतात. त्यात काही तथ्य आहे, पण आकृत्या जाहीर केल्याने आणि सुटे भाग विकल्याने उपकरण जाड होत नाही. केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, ही योग्य दिशेची सुरुवात आहे. तिला कायद्याचे बळ मिळायला हवे. ज्या देशाने परक्याची यंत्रे उघडून आपली विद्या कमावली, त्याने यंत्र उघडण्याचा हक्क सर्वांत आग्रहाने मागितला पाहिजे. तो हक्क गेला तर वापरणारे पुष्कळ उरतील, पण जाणणारे तयार होणे थांबेल.