पुंगी, मंत्र आणि प्रतिविष

परतूर-मंठा भागातल्या जुन्या माणसांना श्रावणातला गारुडी आठवत असेल. खांद्याला झोळी, वेताच्या टोपल्या, हातात पुंगी. गारुड्यांत नाथपंथी होते, तसे मुसलमान मदारीही होते. विद्या बापाकडून लेकाकडे आलेली.

त्यात धाडस होतं, पण बघ्यांचा समज वेगळाच व्हायचा. नाग सुरावर डोलत नसे, समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून फणा वळवत असे. बऱ्याचदा त्याचे विषदंत उपटलेले असत. ते पुन्हा उगवतात, आणि मग रोजच्या सवयीचा हातच घात करतो. दूध हे सापाचं अन्न नव्हे. तहानलेला साप ते पाणी समजून पितो.

सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नागांची पूजा आणि मिरवणूक होई. गोरक्षनाथांशी जोडलेली ही परंपरा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग पकडणं, बाळगणं गुन्हा ठरवलं आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे जिवंत नागांची मिरवणूक थांबली. आपल्या रानातला नाग, घोणस किंवा धामण हौसेने पाळता येत नाही, ते याच कायद्यामुळे.

मग मांत्रिकाकडे माणसं बरी कशी होत? आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. शिवाय विषारी साप प्रत्येक चाव्यात विष सोडतोच असं नाही. वाचलेल्यांचं श्रेय मंत्राला मिळे, गेलेल्यांचा दोष नशिबाला.

खरा उतारा प्रयोगशाळेतून आला. १८९०च्या दशकात आल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने नागाच्या विषावर प्रतिविष तयार केलं. आपल्याकडे मुंबईतल्या परळच्या हाफकिन संस्थेने हे काम मोठं केलं. प्लेगच्या लशीसाठी निघालेली ही संस्था. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं आणि त्याच्या रक्तातून औषध काढायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर ते एकच चालतं.

१९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसह ७२ तास काचेच्या खोलीत राहिले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. पुढे १९८६मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. मात्र त्यातून भलताच धडा घेणारे निघाले. गळ्यात नाग घालून फोटो काढणाऱ्या सर्पमित्रांच्या मृत्यूच्या बातम्या आजही येतात. जाणकार माणूस हुकाची काठी आणि पिशवी वापरतो, सापाचं तोंड हाताने धरत नाही, आणि बघ्यांना आधी दूर करतो.

आपल्या शेतकऱ्याला साप पाळायची हौस नाही. त्याची गाठ पडते ती रात्री कापसाला पाणी देताना. तेव्हा पायात बूट, हातात बॅटरी हवी. गंजीत, दगडात हात घालण्याआधी काठी फिरवावी. जमिनीवर झोपणाऱ्याने मच्छरदाणी गादीखाली खोचावी. मण्यार रात्री अंथरुणात शिरते आणि तिचा चावा कळतही नाही.

चावलंच, तर कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. अंगठी, जोडवी काढा. चावलेला हात-पाय हलू देऊ नका आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. देवळात, दर्ग्यात नवस बोलायचा असेल तर जरूर बोला, पण आधी माणूस डॉक्टरांच्या ताब्यात द्या.