आपला काळा पाषाण आणि ग्रॅनाइट

आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार करावयाचे ठरले, तेव्हा गावच्या सभेत एक प्रश्न वारंवार निघाला. जुन्या काळ्या दगडाचे जोते व पायऱ्या तशाच ठेवाव्यात, की सगळीकडे ग्रॅनाइट बसवावा? दोन्ही बाजूंची तळमळ एकच होती : देवाचे काम उत्तम व्हावे. म्हणून या दोन पाषाणांची कुळकथा येथे थोडक्यात देत आहे.

दोन्ही दगड अग्निजन्य, म्हणजे तप्त शिलारस थिजून झालेले. फरक आहे तो जन्मस्थानाचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या भागात जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला व त्याचे थरावर थर साचले. उघड्यावर तो लवकर निवाला, म्हणून त्याचे कण बारीक राहिले. शास्त्रज्ञ ज्यास बेसॉल्ट म्हणतात तो हाच आपला काळा पाषाण. मलंगगड, माहुली, पारसिकचा डोंगर ही सारी त्याचीच लेकरे. ग्रॅनाइटचा शिलारस मात्र धरणीच्या पोटातच राहून अतिशय सावकाश निवाला. त्यामुळे त्यातील गारेचे, फेल्डस्पारचे व अभ्रकाचे दाणे नुसत्या डोळ्यांना दिसतात. त्याचा रंग बहुधा करडा वा गुलाबी. बेसॉल्टमध्ये लोह व मॅग्नेशियम अधिक, म्हणून तो काळा व वजनास जड.

पूर्वजांनी जवळचा दगड पारखून वापरला. तंजावरचे बृहदीश्वर मंदिर इ. स. १०१० मध्ये पूर्ण झाले, ते तिकडच्या ग्रॅनाइटचे. त्यानंतर ५० वर्षांनी, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० मध्ये, कल्याणजवळ अंबरनाथचे शिवालय पूर्ण झाले, ते आपल्या काळ्या पाषाणाचे. शिलाहार राजा छित्तराजाने आरंभलेले हे काम माम्वाणि राजाच्या काळात तडीस गेले. तेथील काही मूर्ती झिजल्या आहेत. परंतु कोकणचे साडेनऊशेहून अधिक पावसाळे सोसून ते शिवालय उभे आहे.

आता एक गंमत. बाजारात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून जो मिळतो, तो बहुतेक वेळा खरा ग्रॅनाइट नसतोच. तो डोलेराइट किंवा गॅब्रो जातीचा, म्हणजे घडणीने आपल्या बेसॉल्टचाच भाऊबंद; फक्त जमिनीखाली जरा सावकाश निवालेला. त्याची चकाकी यंत्राच्या पॉलिशची आहे. तेव्हा जुना दगड हलका व नवा भारी, हा समज मनातून काढावा.

गुण मात्र ज्याचे त्याला द्यावेत. पॉलिश केलेल्या फरशीवर तेल, गुलाल मुरत नाही. ती पुसावयास सोपी. म्हणून देणगीदारांनी श्रद्धेने दिलेला ग्रॅनाइट सभामंडपात शोभून दिसतो. पण पावसात ओल्या पायांनी येणाऱ्या वृद्धांस तीच फरशी पायरीवर घातक. तेथे पाथरवटाने टाकी लावलेला खरबरीत काळा दगडच पाय धरून ठेवतो. याच कारणाने जुनी पायरी व जोते आहे तेथेच राहिले, हे योग्यच झाले.

ग्रामस्थांस एकच विनंती. या जुन्या दगडास ऑइलपेंट लावू नये. आत शिरलेली ओल कोंडते व दगडाचे पापुद्रे सुटतात. ज्या पायरीवर आपल्या आजा-पणजांनी माथा टेकला, ती नातवंडांनाही तशीच मिळावी.